स्वस्त तेलात महाग तेल

माझ्या नोकरीतली बरीच प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता चोर कोणत्या ठाण्यात पकडला, कोणता पंचनामा कोणत्या गावात केला, हे सांगताना माझी गफलत होते. परळीच्या तेलाचे प्रकरण मात्र जसेच्या तसे आठवते. अडचण अशी की, जे इतके स्वच्छ आठवते तेच मला पूर्ण समजलेले नाही. गुन्हा घडला होता, आरोपीने कबूल केला होता, मुद्देमाल सापडला होता, शिक्षाही झाली. तरी त्यात फायदा कोणाचा झाला, हे मला तेव्हाही सांगता आले नाही आणि आजही येत नाही.

यातल्या कोणाचेही नाव मी देणार नाही. त्यांची मुले-नातवंडे त्याच गावात व्यापार करतात.

मी तेव्हा परळीला फौजदार होतो. देशाची दारे नुकतीच परदेशी मालाला उघडू लागली होती. मोंढ्यात, म्हणजे धान्य-तेलाच्या घाऊक बाजारात, बसलेले व्यापारी, ज्यांच्या तोंडी आजवर लातूर आणि नांदेडचेच भाव असत, ते आता डॉलर आणि बंदराच्या गोष्टी बोलू लागले होते. कोणी म्हणे पामतेल येणार, कोणी म्हणे आपली करडई बुडणार. आम्हा पोलिसांना त्यातले काही कळत नव्हते. आमच्याकडे हजेरी, गस्त, समन्स, बंदोबस्त आणि वैजनाथाच्या दर्शनाला येणाऱ्या मोठ्या लोकांच्या गाड्या, एवढेच जग होते.

एका सकाळी हजेरी संपली, मी टपाल पाहत होतो. वडवणीचा एक किराणा दुकानदार कापडी पिशवीत बाटली घेऊन आला. बसा म्हटले तरी बसला नाही.

"साहेब, ह्याचा वास घ्या जरा."

"काय आहे हे?"

"करडीचं तेल म्हणून परळीच्या मोंढ्यातून नेलंय मी. गिऱ्हाईक परत आणून द्यायलंय. हिरवट दिसायलंय, घशात खवखव करायलंय."

मी बूच काढले. ओल्या गवतासारखा वास आला. आमच्या जमादारांनी बोट बुडवून जिभेला लावले आणि खिडकीबाहेर थुंकले. "कडू हाय साहेब. पण काय हाय ते समजंना."

"मग अन्न निरीक्षकाकडे जा ना," मी दुकानदाराला म्हणालो. "भेसळीचं काम त्यांचं."

तेव्हा तो खुर्चीत बसला आणि त्याचा आवाज खाली आला. "साहेब, आमच्याकडं एका घरी बारसं झालं. सैपाक ह्याच तेलात केलता. जेवलेली बरीच माणसं उलट्या-जुलाबानं आडवी झाली. बाकीचे सावरले, पण बाळंतीण लई वाईट हाय. बीडला दवाखान्यात नेलीय. लोक म्हणायलेत, ह्यात डीपीचं तेल हाय. माझं दुकान जाळायला निघालेत."

हे ऐकून मी टपाल बाजूला ठेवले. त्या हंगामात आमच्या हद्दीत शेतातल्या रोहित्रांमधून, म्हणजे ज्याला सगळे डीपी म्हणतात त्यातून, तेल काढून नेण्याचे गुन्हे होत होते. चोर सापडत नव्हते आणि इतके तेल कुठे जाते तेही कळत नव्हते. ते खाण्याच्या तेलात मिसळले जात असेल तर ते विषच होते. दोन गोष्टी एकमेकींत अशा चपखल बसल्या की, माझ्या जागी कोणीही असता तरी त्याने हाच अर्थ लावला असता.

मी दुकानदाराचा जबाब घेतला, स्टेशन डायरीत नोंद केली, बीडला अन्न निरीक्षकांना फोन लावला आणि मोंढ्यात गेलो.

ज्याच्या दुकानातून ते तेल नेले होते त्या व्यापाऱ्याला सगळे आप्पा म्हणत. पंचावन्न-साठीचे गृहस्थ, कपाळावर भस्माचे आडवे पट्टे, पांढरे धोतर, बोलणे हळू. तीन भावांचा एकत्र व्यापार होता आणि मोंढ्यात त्यांचा शब्द चाले. आज घ्यावे की उद्या थांबावे हे विचारायला दुसरे व्यापारी त्यांच्याकडे येत. अशा माणसाच्या दुकानात भेसळीच्या तपासाला जायचे म्हणजे मलाही अवघड वाटत होते.

आमच्या आधी बातमी पोहोचली होती. दुकानापुढे गर्दी जमली होती. वडवणीकडची काही माणसे टेम्पो करून आली होती. कोणीतरी डबे रस्त्यावर ओढून लाथेने फोडले होते आणि तेल नालीकडे वाहत होते. आप्पा ओट्यावर उभे होते, हात जोडून नव्हे, हात खाली सोडून. एक दगड त्यांच्या खांद्याला लागला तरी ते आत गेले नाहीत. बाळंतिणीचा भाऊ पुढे येऊन ओरडत होता, "कावून घातलं बे त्यात? सांग ना, कावून घातलं?"

मी गर्दी मागे सारली. अन्न निरीक्षक आल्यावर पंचांसमोर नमुना घेतला, तीन बाटल्यांत भरला, लाखेने सील केला. एक बाटली औरंगाबादच्या प्रयोगशाळेकडे जायची होती. "अहवाल कधी येईल?" मी विचारले. निरीक्षक म्हणाले, "नंबर लागेल तेव्हा." आप्पांना मी ठाण्यात आणले. त्यात अटकेचा भाग होता तसा त्यांना वाचवण्याचाही होता.

ठाण्यात आल्यावर मी त्यांना पाणी दिले आणि सरळ विचारले, "आप्पा, करडईच्या तेलात काही मिसळलंय का?"

"मिसळलंय."

इतक्या लवकर कबुली मिळेल असे मला वाटले नव्हते. मी कागद पुढे ओढला. "काय मिसळलंय?"

ते गप्प.

"डीपीचं तेल?"

गप्प.

"आप्पा, कोणाकडून घेतलं ते सांगा. तुम्ही स्वतः डीपी फोडायला गेला नसणार."

"साहेब, तुमाला जे लिवायचं ते लिवा. मी सही करतो."

एवढ्या वर्षांत मी अनेकांची चौकशी केली आहे. खरा गुन्हेगार घासाघीस करतो. आधी सगळे नाकारतो, मग थोडे कबूल करतो, मग दुसऱ्याचे नाव सांगतो, मग आपल्यावर किती कलमे लावणार ते विचारतो. निरपराध माणूस चिडतो किंवा रडतो. आप्पा यातले काहीच करत नव्हते. गुन्हा त्यांना मान्य होता, फक्त त्यातला एक तुकडा ते मुठीत घट्ट धरून बसले होते. अशा आरोपीशी कसे वागायचे हे मला कोणी शिकवलेले नव्हते.

दुपारी बीडच्या डॉक्टरांचा फोन आला. बाळंतीण शुद्धीवर नव्हती. लघवी बंद होत चालली होती. ते म्हणाले, "रोहित्राचं तेल पोटात गेलं असं धरून आम्ही चाललो आहोत. ते नसेल तर उपचार वेगळे करावे लागतील. तेलात नक्की काय आहे ते कळवा. प्रयोगशाळेची वाट पाहण्याइतका वेळ नाही."

मी आत गेलो आणि आप्पांना हे सगळे सांगितले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. ओठ हलले, पण बाहेर आले ते एवढेच, "माझ्या तेलानं कुणी मरणार न्हाई साहेब."

"कशावरून?"

त्यांनी मान खाली घातली. जमादार चिडले. "आप्पा, तिकडं पोरगी मरायलीय. त्वांड उघडा की!" मी त्यांना बाहेर जायला सांगितले. मलाही राग आला होता, पण त्याहून जास्त गोंधळ झाला होता. ज्याचा जीव दुसऱ्यासाठी तुटतो आहे तो माणूस त्याच दुसऱ्याला वाचवणारा एक शब्द का बोलत नाही?

थोड्या वेळाने ठाणे अंमलदार आत आले. "साहेब, आरोपीची बायको डबा घेऊन आलीय."

डोक्यावरून पदर घेतलेली, उंच, सावळी बाई होती. गल्लीतले लोक त्यांना अक्का म्हणत. आरोपीचा डबा तपासून आत द्यायचा असा नियम असतो. जमादारांनी तो टेबलावर उघडला. ज्वारीच्या भाकरी, कारळाची चटणी, कांदा आणि एका लहान बाटलीत तेल. तेल हिरवट होते.

जमादारांनी बाटली उचलून माझ्याकडे पाहिले. मी अक्कांना म्हणालो, "बाई, हे कुठलं तेल?"

"तेच."

"म्हणजे?"

त्या टेबलाजवळ आल्या. जमादारांच्या हातून बाटली घेतली, चटणीवर चांगले तेल ओतले, भाकरीचा तुकडा मोडला आणि आमच्यासमोर उभ्या उभ्या खायला लागल्या. मी खुर्चीतून उठलो. "बाई, थांबा! काय करताय?"

त्यांनी घास गिळला. "उन्हाळ्यापासून आमी हेच खायलोत साहेब. लेकरं खायलीत, सासूबाई खायल्यात. कुणाला ठसकाबी आला न्हाई. बारशातल्या लोकांना काय झालं ते मला ठावं न्हाई, पण ते ह्या तेलानं न्हाई."

"मग हे आहे काय?"

"जैतूनचं तेल हाय. लांबच्या देशातून आलंय. लई महाग असतंय म्हणं."

मी जमादारांकडे पाहिले, त्यांनी माझ्याकडे. जैतूनचे तेल म्हणजे ऑलिव्ह ऑइल. हे नाव मला औषधाच्या दुकानातल्या बोटभर डबीवरून माहीत होते. माझ्या मुलीच्या जन्मानंतर सासूबाईंनी ते मालिशीला मागवले होते आणि घरात त्याचा एक थेंबही कोणी सांडू देत नव्हते. ते तेल करडईत मिसळायचे? दुधात पाणी घालतात हे मी ऐकले होते. पाण्यात दूध कोण घालतो?

"बाई, महाग तेल स्वस्त तेलात कोण मिसळतं?"

"ज्याचं खपत न्हाई तो."

"मग आप्पा हे सांगत का नाहीत? यात लपवण्यासारखं काय आहे?"

अक्कांनी आतल्या खोलीकडे पाहिले. दार लोटलेले होते, पण आवाज आत जात असणार. तरी त्या मोठ्याने म्हणाल्या, "साहेब, ह्यांना तुमी चोर म्हणलं तर चालतंय. येडं म्हणलेलं चालत न्हाई."

मी आधी बीडला फोन लावला. डॉक्टरांनी मला नाव पुन्हा सांगायला लावले. मग म्हणाले, "ऑलिव्ह ऑइल? खात्री आहे?"

"आरोपीच्या बायकोनं माझ्यासमोर भाकरीबरोबर खाल्लंय."

"मग तेल सोडा. बारशात दुधाचं, खव्याचं काही होतं का, ते विचारा."

वडवणीला बिनतारी संदेश पाठवला. उत्तर आले: पेढे होते, दोन दिवस आधी आणून ठेवलेले. ज्यांनी पेढे जास्त खाल्ले होते तेच आडवे झाले होते. बाळंतिणीला तर गोड म्हणून आग्रहाने वाढले होते. डॉक्टरांनी उपचार बदलले. पुढचे काही तास मी ठाण्यातच बसून होतो आणि फोन वाजला की दचकत होतो. दुसऱ्या दिवशी कळले की, तिने डोळे उघडले, पाणी मागितले आणि मग बाळ मागितले. निरोप आणणारा पोलीस हसत होता. मी आप्पांना जाऊन सांगितले. त्यांनी दोन्ही हात कपाळाला लावले.

त्यानंतर ते बोलले. तेलाची उरलेली पिंपे धारूरला होती, अक्कांच्या माहेरच्या शेतातल्या पत्र्याच्या खोलीत. आम्ही पंच घेऊन गेलो. किल्ल्याच्या खालच्या अंगाला, बालाघाटच्या डोंगरउतारावर ते शेत होते. कुलूप उघडल्यावर निळ्या रंगाची लोखंडी पिंपे दिसली, एकावर एक रचलेली. त्यांवर परक्या भाषेतली अक्षरे आणि एका फांदीचे चित्र, फांदीला लहान लहान फळे. पंचांमधला एक शेतकरी चित्राजवळ वाकला. "बोरं हायेत का ही?"

"बोरांचं तेल निघतंय व्हय?" दुसरा म्हणाला.

पंचनाम्यात काय लिहायचे हा प्रश्न पडला. शेवटी जमादारांनी लिहिले: परकीय भाषेतील मजकूर असलेली निळी लोखंडी पिंपे, आतील द्रव हिरवट, वास गवतासारखा. खाली पंचांच्या सह्या आणि अंगठे.

आता हे तेल धारूरच्या डोंगरात आले कसे, ते शोधायचे होते. आप्पांनी ते मुंबईच्या एका दलालाकडून घेतले होते. समन्स काढून त्याला परळीला बोलावले. सफारी घातलेला, हातात चामड्याची बॅग असलेला तो माणूस आमच्या ठाण्यातल्या बाकावर रुमाल अंथरून बसला. तो काही लपवत नव्हता. त्याचा जबाब घेताना मात्र मला दोनदा कागद फाडावा लागला.

तो म्हणाला, "साहेब, हे तेल मुळात हॉटेलांसाठी मागवलेलं. ऑर्डर दिली तेव्हा भाव चढा होता."

"का चढा होता?"

"तिकडच्या एका देशात पाऊस पडला नाही. ही झाडं जगात मोजक्याच देशांत. एका ठिकाणी पीक गेलं की सगळीकडे भाव चढतो."

"बरं."

"माल जहाजात चढला, तोवर दुसऱ्या देशात भरपूर पीक आलं. भाव पडला. इकडे रुपया पडला, म्हणजे आपल्याला तेच तेल महाग पडायला लागलं."

"थांबा. भाव पडला ना? मग महाग कसं?"

"तिकडच्या पैशात स्वस्त झालं, इकडच्या पैशात महाग झालं."

मी पहिला कागद फाडला.

तो शांतपणे पुढे सांगत होता. तिकडची सरकारे आपल्या शेतकऱ्याला पैसे देतात, तेल जास्त पिकते, साठा वाढतो, मग तो साठा बाहेर जावा म्हणून निर्यात करणाऱ्यालाही पैसे देतात. आमच्याकडे बंदरावर जकात भरावी लागते, तीही भरमसाट. मी हात वर करून त्याला थांबवले.

"म्हणजे तिकडचं सरकार तेल बाहेर घालवायला पैसे देतं?"

"हो."

"आणि आपलं सरकार ते आत घ्यायला पैसे घेतं?"

"हो."

"मग मधे समुद्रात असताना त्याची किंमत काय असते?"

दलाल पहिल्यांदा हसला. "साहेब, ते कोणालाच माहीत नसतं. त्यावरच आमचं पोट चालतं."

हॉटेलवाल्याने माल घ्यायला नकार दिला. ज्याने मागवला होता त्याने जकातीचा आणि बंदरातल्या भाड्याचा हिशेब केला आणि मालच सोडून दिला. पिंपे गोदामात पडून राहिली. पुढे लिलाव झाला आणि दलालाने ती उचलली. आप्पांचा मेव्हणा मुंबईत नोकरीला होता, त्याने आप्पांना कळवले. जगात महाग विकले जाणारे तेल त्या मानाने मातीमोल भावाने मिळते आहे, हे ऐकून आप्पा स्वतः मुंबईला गेले होते. आपल्यालाही आता मोठ्या व्यापारात उतरता येईल असे त्यांना वाटले. त्यात त्यांचे काही चुकले असे मला म्हणता येत नाही. त्या वर्षांत सगळ्यांनाच तसे वाटत होते.

पण मुंबईतली हॉटेले म्हणाली, बंद डब्यातले, ताज्या तारखेचे, ओळखीच्या नावाचे पाहिजे, पिंपातले नको. औषधवाल्यांना लहान बाटल्या हव्या होत्या. परळीत ज्याला वानगी दिली त्याने तोंड वाकडे केले. आमच्या करडईच्या आणि शेंगदाण्याच्या तेलावर वाढलेल्या लोकांना ते कडू लागले. मी दलालाला त्या कडूपणाबद्दल विचारले.

"घशात खवखवतं ना?" तो म्हणाला. "तिकडे तीच त्याची परीक्षा. जे खवखवत नाही ते हलकं समजतात."

त्या खवखवण्यामुळेच वडवणीच्या गिऱ्हाइकाने तेल परत केले होते आणि त्याच खवखवण्यामुळे मी एका माणसाला विषप्रयोगाच्या संशयावरून कोठडीत घातले होते. मी दुसरा कागद फाडला.

उन्हाळा आला. पत्र्याच्या खोलीत पिंपे तापू लागली. तेल खराब होईल या भीतीने आप्पांनी आधी थोडे थोडे करडईत घातले. कोणाच्या लक्षात आले नाही. मग प्रमाण वाढवले आणि शेवटच्या खेपेला तर जवळजवळ निम्मे घातले. विकले करडईच्याच भावाने. करडईपेक्षा हे तेल त्यांना महागच पडले होते, म्हणजे प्रत्येक डब्यात तोटा होता. पण पिंपे तशीच ठेवली असती तर सगळेच गेले असते.

दलालाचा जबाब चालू असताना आप्पांचा धाकटा भाऊ दाराशी येऊन उभा राहिला होता. तो जामिनाची तयारी करून आलेला. त्याने सगळे ऐकले. दलाल गेल्यावर तो आत आला; आप्पांना मी तिथेच बाकावर बसवले होते.

"आप्पा, ते तेल तर तुमी मुंबईलाच इकलं म्हणालता."

आप्पांनी बाकावर सरकून त्याला जागा केली.

"नफा झाला म्हणालता. त्याच नफ्यातून मला स्कूटर घेऊन दिली."

"हूं."

"मग ती स्कूटर कशाची?"

"माझ्या जवळचंच होतं थोडंफार. त्याच्यातून घेतली."

मला वाटले आता हा भांडेल. एकत्र व्यापारात असे लपवणे म्हणजे लहान गोष्ट नव्हे. पण तो आप्पांच्या शेजारी बाकावर बसला आणि म्हणाला, "सगळा मोंढा तुमाला इचारून माल घेतो. तुमी मला इचारलं असतं तर मी काय हासलो असतो का?"

आप्पांना तेव्हा खरे रडू कोसळले. दगड लागला, कोठडीत बसावे लागले, तेव्हा ते रडले नव्हते. मी आणि जमादार बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिलो. जमादारांनी विडी पेटवली आणि ती तशीच बोटांत विझू दिली.

पुढे कायद्याचा गोंधळ सुरू झाला. प्रयोगशाळेचा अहवाल आला: नमुना करडई तेलाच्या मानकात बसत नाही, त्यात ऑलिव्ह तेल आढळते, अपायकारक काही नाही. मी कागदपत्रे घेऊन सरकारी वकिलांकडे गेलो. त्यांनी अहवाल दोनदा वाचला.

"फौजदार, याला फसवणुकीचं कलम कसं लावायचं? गिऱ्हाइकाला महागाची वस्तू स्वस्तात मिळाली."

"पण त्यानं करडई मागितली होती, साहेब."

"म्हणजे फसवणूक झाली."

"हो."

"पण नुकसान?"

"त्याचं नाही झालं."

"मग फायदा आरोपीचा झाला?"

"त्याचाही नाही. तो तोट्यात आहे."

वकिलांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. अन्न निरीक्षकांना मात्र काही शंका नव्हती. "आमच्या कायद्यात महाग-स्वस्त असं काही नाही," ते म्हणाले. "करडई म्हणून विकलं तर आत करडईच पाहिजे. सोनं मिसळलं तरी भेसळच."

अपायकारक पदार्थाचे आणि फसवणुकीचे कलम गळाले, अन्नभेसळीचा खटला राहिला. तो बराच रेंगाळला. आप्पांचे वकील म्हणत होते की नमुना घेण्याच्या पद्धतीवर बोट ठेवू, सुटाल. आप्पांनी ऐकले नाही. तारखेला उभे राहून त्यांनी गुन्हा कबूल केला. न्यायाधीशांनी विचारले, "काही सांगायचं आहे?" आप्पा म्हणाले, "न सांगता मिसळलं. ते चुकलं." कायद्यात सवलतीने जितकी कमीत कमी शिक्षा देता येत होती तितकी मिळाली आणि ती त्यांनी बीडच्या तुरुंगात भोगली. तोवर दुकान धाकट्या भावाने चालवले. वडवणीचा तो किराणा दुकानदार पुन्हा त्यांच्याकडूनच माल नेऊ लागला. आणि डीपीचे तेल काढणारे चोर? ते दुसऱ्याच एका प्रकरणात हाती लागले. ते तेल ते वेल्डिंगवाल्यांना, त्यांच्या यंत्रांत भरायला, विकत होते. या सगळ्याशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता.

पुष्कळ वर्षांनी, बढती-बदल्या होऊन मी महाशिवरात्रीच्या बंदोबस्तासाठी परळीला आलो होतो. मोंढ्यातून जाताना आप्पांनी हाक मारली. खूप थकले होते. चहा मागवला. मग फळीवरून एक लांब मानेची काचेची बाटली काढून माझ्यापुढे ठेवली. आतले तेल हिरवट होते.

"आता डाक्टर लिवून द्यायलेत साहेब. काळजाला चांगलं म्हणं. दुसऱ्या तेलात मिसळून, डब्यावर तसं छापूनबी यायलंय. लोक मागून नेतेत."

"घशात खवखवत नाही का कोणाला?"

"खवखवतंय की. म्हणूनच नेतेत."

आम्ही दोघेही हसलो. मग ते थोडे पुढे झुकले. "एक इचारू का? माझं काय चुकलं ते मला कळलं. त्याची शिक्षाबी झाली. पण तेलाचं काय चुकलं होतं?"

मी चहा संपवला. दलालाने सांगितलेला पाऊस, जहाज, रुपया, जकात सगळे मनात फिरून आले, पण त्याची नीट संगती काही लागेना. "मला नाही सांगता येत, आप्पा," मी म्हणालो. "मलाबी न्हाई," ते म्हणाले आणि बाटली परत फळीवर ठेवली.

जगाचा व्यापार मला त्या प्रकरणाने शिकवला नाही. माझ्या कामाचे एक मात्र शिकवले. पोलीस नेहमी विचारतो, यात फायदा कोणाचा? मीही तेच विचारत होतो आणि म्हणूनच मला काही दिसत नव्हते. आप्पांना त्या तेलातून काही मिळवायचे नव्हते, जे गेले होते ते झाकायचे होते. निवृत्त होईपर्यंत पुढे ज्या चौकशा केल्या, त्यांत आरोपी गप्प बसला की मी कलमांची भीती घातली नाही. खुर्ची जवळ ओढून विचारत असे, "तुझं यात काय गेलं?" माणसे आधी माझ्याकडे बघत. हा प्रश्न त्यांना कोणी विचारलेला नसे. मग बहुतेक जण बोलायला लागत.